रात्री बांधाला उभी मोटारसायकल : एक वॅटच्या दिव्याने अपघात टाळा

शेतीपंपाला अनेक भागांत अजूनही आळीपाळीने रात्रीची वीज मिळते. दारे धरण्यासाठी आपण रात्री मोटारसायकलवर शेतावर जातो. गाडी रस्त्याच्या कडेला लावतो, किल्ली काढतो आणि बॅटरी घेऊन पिकात शिरतो. त्या क्षणापासून ती गाडी अंधारात कोणालाही दिसत नाही. त्याच रस्त्याने उसाची ट्रॉली, दुधाचा टेम्पो किंवा गावातलाच एखादा मोटारसायकलस्वार येत असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंतच एक-दीड सेकंद निघून जातो. म्हणून उभी गाडी दुरून दिसली पाहिजे. त्यासाठी मोठ्या प्रकाशाची गरज नाही, छोटा लाल दिवा पुरतो.

पार्किंग लाइट म्हणजे काय?

गाडी उभी असताना ‘येथे वाहन आहे’ एवढेच सांगणारा मंद दिवा म्हणजे पार्किंग लाइट. तो पुढे पांढरा व मागे लाल असतो. बुलेटच्या हेडलाइटच्या वर दोन बाजूंना असणारे छोटे दिवे आपण पाहिले असतील. ते याच जातीचे होत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०९ प्रमाणे पार्किंग लाइट मोटारसायकल सोडून इतर वाहनांना सक्तीचे आहेत. मोटारसायकलला सक्ती नाही म्हणून बहुतेक गाड्यांत ही सोय नसते. किल्ली बंद केली की सर्व दिवे विझतात. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत हेडलाइट आपोआप लागतो, पण तोही इंजिन चालू असेपर्यंतच.

बॅटरीचा हिशेब

किल्ली चालू ठेवून मूळ दिवेच लावून ठेवले तर काय होईल? किक मारून सुरू होणाऱ्या अनेक लहान गाड्यांत १२ व्होल्ट, २.५ अँपिअर-तासाची बॅटरी असते. म्हणजे तिच्यात १२ × २.५ = ३० वॅट-तास वीज साठते. पुढचा छोटा बल्ब ५ वॅटचा व टेललाइट ५ वॅटचा, असे १० वॅट धरले तर नवी बॅटरीही ३ तासांत रिकामी होईल. जुनी त्याआधीच बसेल. पहाटे घरी निघताना गाडी कदाचित सुरू होणार नाही. काही नव्या गाड्यांना तर किकच नसते.

त्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या वॅटचे दोन एलईडी दिवे लावल्यास एकूण भार १ वॅट होतो. निम्मीच बॅटरी वापरायची म्हटली तरी चांगल्या स्थितीतील बॅटरीवर १५ तास मिळतात. आपले काम चार-पाच तासांचे असते.

लागणारे साहित्य

१२ व्होल्टचा लाल एलईडी दिवा एक, पांढरा एक (दोन्ही पाणी न शिरणारे), २ अँपिअरचा फ्यूज होल्डरसह, एक छोटा स्विच, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर आणि वायरवर चढवायची नळी. घेण्यापूर्वी आपल्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टचीच आहे ना, ते पाहावे. काही फार जुन्या गाड्यांत ती ६ व्होल्टची असते.

जोडणी कशी करावी?

१) प्रथम बॅटरीची ऋण (−) वायर सोडवावी. ती सर्वांत शेवटी जोडावी.

२) बॅटरीच्या धन (+) टोकाला लागूनच फ्यूज बसवावा. वायर घासून चॅसिसला टेकली तर फ्यूज जळेल, वायर पेटणार नाही. पेट्रोलची टाकी जवळच असते, म्हणून हे काम कधीही टाळू नये.

३) फ्यूजनंतर स्विच व तेथून दोन्ही दिव्यांना वायर न्यावी. परतीची वायर बॅटरीच्या ऋण टोकाला आणावी. एलईडीला धन-ऋण उलटे झाल्यास तो लागत नाही.

४) गाडीची मूळ वायर कापू नये किंवा सोलून तिला जोड देऊ नये.

५) वायर सायलेन्सरपासून दूर न्यावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणत नाही ना, हे पाहावे.

६) लाल दिवा टेललाइटखाली, नंबरप्लेट न झाकता, मागे तोंड करून बसवावा.

हे काम जमत नसल्यास ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, पण फ्यूज बसविला की नाही हे स्वतः पाहावे.

या चुका टाळा

• टेललाइटच्या मूळ बल्बऐवजी लाल एलईडी बल्ब घालू नये. त्याच बल्बचा पांढरा प्रकाश खालच्या काचेतून नंबरप्लेटवर पडतो. नियमाप्रमाणे नंबरप्लेट पांढऱ्या प्रकाशात वाचता आली पाहिजे.

• मागे निळा, हिरवा किंवा पांढरा दिवा आणि पुढे लाल दिवा लावू नये.

• प्रखर जादा दिवे लावू नयेत. समोरच्याचे डोळे दिपतात व बॅटरीवर भार पडतो.

• गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला लावू नये. त्या कडेने समोरून येणाऱ्याला पांढरा दिवा दिसतो व समोरून वाहन येत आहे असा त्याचा समज होतो.

दुधाचे कॅन व वैरणीचा भारा

पहाटे डेअरीला जाताना कॅनमुळे किंवा वैरणीच्या भाऱ्यामुळे टेललाइट झाकला जातो. तेव्हा चालती गाडीही मागून दिसत नाही. नियमाप्रमाणे मागचा लाल दिवा दुरून दिसला पाहिजे. ओझे बांधल्यावर दहा पावले मागे जाऊन दिवा दिसतो का ते पाहावे. कॅनच्या मागच्या बाजूस लाल व बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी चिकटवावी. तिला वीज लागत नाही. मात्र ती आठवड्यातून एकदा पुसावी, कारण चिखल बसलेली पट्टी चमकत नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवा असला तरी गाडी डांबरावर उभी करू नये. ती शक्य तितकी आत, बांधावर घ्यावी आणि मगच दिवा लावावा. घरी परतल्यावर स्विच आठवणीने बंद करावा. पंपाच्या पेटीला हात लावण्यापूर्वी आपण जशी पायात चप्पल आहे का पाहतो, तसेच गाडी सोडण्यापूर्वी मागचा लाल दिवा पाहण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी.