मर्यादित खर्चात चित्रसंकलनाचा संगणक

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे तालुक्याचे ठिकाण रेल्वे जंक्शन म्हणून सर्वांना परिचित आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग आणि अकोल्याकडून येणारा लोहमार्ग येथे एकत्र येतात. गावाला जिचे नाव लाभले ती पूर्णा नदी याच तालुक्यात कंठेश्वर येथे गोदावरीला मिळते. येलदरी व सिद्धेश्वर या धरणांतून पाणी सोडले गेले की नदीकाठच्या गावांना सावध राहावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने शेतीचे मोठे नुकसान झाले. अशा प्रसंगी पाण्याखाली गेलेल्या पिकाचे, खरवडून गेलेल्या जमिनीचे आणि पडलेल्या घराचे छायाचित्र हे केवळ चित्र राहत नाही, तर तो एक पुरावा ठरतो.

छायाचित्रे व चित्रफिती यांचे काम आता छायाचित्रकाराच्या दुकानापुरते मर्यादित राहिलेले नाही. ग्रामसभेचे चित्रीकरण, विकासकामांची पूर्वीची व नंतरची छायाचित्रे, शिक्षकांनी तयार केलेले पाठ या सर्वांचे चित्रण बहुधा मोबाइलवर होते. अडचण येते ती त्यानंतर. कार्यालयातील संगणकावर तासाभराची चित्रफीत उघडली की चित्र अडखळते, आवाज पुढे निघून जातो आणि काम अर्धवट राहते. मग कोणीतरी महागडा संगणक घेण्याची शिफारस करतो, त्यासाठी निधी नसतो आणि चित्रफिती मोबाइलमध्येच पडून राहतात. मोबाइल बिघडला किंवा बदलला की त्या कायमच्या नाहीशा होतात.

योग्य विचार केल्यास हे काम बेताच्या खर्चात होऊ शकते. मात्र त्यासाठी अंदाजपत्रक बाजारातील जाहिरातींवरून न ठरविता कामाच्या गरजेवरून ठरवावयास हवे.

स्टुडिओपासून टेबलापर्यंत

१९८४ साली पुणे येथे ‘बालचित्रवाणी’ ही संस्था सुरू झाली, तेव्हा शालेय कार्यक्रमाच्या निर्मितीसाठी स्वतंत्र स्टुडिओ, कॅमेरे, संकलनयंत्रे आणि प्रशिक्षित तंत्रज्ञांचा ताफा लागत असे. दूरदर्शनच्या माध्यमातून हे कार्यक्रम खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचले. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या साह्याने विद्यार्थी थेट पाठाच्या चित्रफितीपर्यंत जाऊ लागले. चित्रफीत तयार करण्याचे साधन आता शिक्षकाच्या खिशात आहे. संकलनाचे साधनही शाळेच्या टेबलावर येऊ शकते.

प्रथम कामाचे मोजमाप

संगणक घेण्यापूर्वी कागद व पेन्सिल घेऊन थोडे गणित करावे. सर्वसाधारण मोबाइल १०८० रेषांची चित्रफीत टिपताना दर सेकंदास सुमारे १७ मेगाबिट, म्हणजे सुमारे २ मेगाबाइट, माहिती साठवितो. या हिशेबाने एका तासाच्या चित्रफितीस साडेसात ते पावणेआठ गीगाबाइट जागा लागते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यावयाच्या असतात. प्रत्येक सभा दोन तासांची धरली तर वर्षाचे चित्रण सुमारे ६१ गीगाबाइट आणि पंचायतीच्या पाच वर्षांच्या मुदतीतील चित्रण सुमारे ३०५ गीगाबाइट भरते. यात विकासकामांची छायाचित्रे व शाळेचे कार्यक्रम मिळविले तरी दोन टेराबाइटची एक हार्ड डिस्क पुरून उरते. हेच चित्रण ‘फोर-के’ प्रकाराने केल्यास जागा सुमारे तिप्पट लागते. ग्रामसभेच्या नोंदीसाठी त्याची मुळीच आवश्यकता नाही. मोबाइलमधील हा एक पर्याय बदलला तर संगणकावरील मोठा खर्च वाचतो.

चित्र का अडखळते?

१०८० रेषांच्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस रंगाचे तीन बाइट धरल्यास एका चित्राचे ६२ लाखांहून अधिक बाइट होतात. सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे दर सेकंदास सुमारे १५५ मेगाबाइट झाले. मोबाइल मात्र केवळ दोन मेगाबाइट साठवितो. हे साध्य होते ते संक्षेपणामुळे. काही चित्रे पूर्ण साठविली जातात आणि मधल्या चित्रांतील केवळ बदल नोंदविले जातात. पाहणारा चित्रफितीच्या मध्यावर थांबला की संगणकाला आधीच्या पूर्ण चित्रापासून हिशेब मांडून ते चित्र नव्याने उभे करावे लागते. संकलन करणारा तर सतत पुढेमागे जात असतो. म्हणूनच एरवी सुरळीत दिसणारी चित्रफीत संकलनाच्या वेळी अडखळते.

या कामाचा मुख्य भार डिस्कवर नसून प्रोसेसरवर असतो. अनेक प्रोसेसरांत चित्रफीत उलगडण्यासाठी स्वतंत्र मंडल असते. इंटेलने २०११ पासून ‘क्विक सिंक’ या नावाने ही सोय दिली. तथापि, ज्या इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते त्यात अंतर्गत चित्रप्रणाली नसते आणि म्हणून ही सोयही मिळत नाही. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागल्याने ही काटकसर महागात पडते.

शंभर रुपयांची विभागणी

भागांच्या किमती सतत बदलत असल्याने रकमेऐवजी प्रमाण लक्षात ठेवणे श्रेयस्कर होय. वर वर्णिलेल्या कामासाठी उपलब्ध निधी शंभर रुपये मानल्यास त्याची विभागणी ढोबळमानाने पुढीलप्रमाणे करता येईल :

प्रोसेसर : २०
मदरबोर्ड : १२
रॅम : १४
एसएसडी व हार्ड डिस्क : १८
मॉनिटर : १७
एसएमपीएस व कॅबिनेट : १०
यूपीएस : ७
कीबोर्ड व माउस : २

या यादीत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, ही बाब अनेकांना खटकेल. अंतर्गत चित्रप्रणाली असलेला सहा गाभ्यांचा प्रोसेसर साध्या संकलनास पुरेसा असतो. रंगसंस्काराचे किंवा अनेक थरांचे काम वाढले तर कार्ड मागाहून बसविता येते. त्यासाठी मदरबोर्डवर जागा आणि एसएमपीएसमध्ये थोडी अधिक शक्ती असली म्हणजे झाले.

रॅम १६ गीगाबाइट असावी. दोन समान पट्ट्या जोडीने बसविल्यास अंतर्गत चित्रप्रणालीस अधिक वेगाने माहिती मिळते. पुढील वाढीसाठी चार खाचांचा मदरबोर्ड सोयीचा पडतो. डीडीआर-४ व डीडीआर-५ या प्रकारांच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, हे खरेदीपूर्वी पाहावे. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे जुने दरपत्रक गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये.

कार्यप्रणाली व चालू काम यांसाठी ५०० गीगाबाइटची एनव्हीएमई एसएसडी आणि संग्रहासाठी हार्ड डिस्क, अशी जोडी किफायतशीर ठरते. हार्ड डिस्क साधारणपणे सेकंदाला दीडशे ते दोनशे मेगाबाइट माहिती वाचते. एनव्हीएमई एसएसडी त्याच्या अनेक पटींनी जलद असते, परंतु तिची दर गीगाबाइट किंमत अधिक पडते. धान्य कणगीत आणि रोजचे पीठ डब्यात ठेवावे, तसाच हा प्रकार आहे.

मॉनिटर आयपीएस पडद्याचा असावा. स्वस्त पडद्यावर किंचित मान कलती केली तरी रंग बदलतो. मग पिवळे पडलेले सोयाबीन हिरवे भासते आणि छायाचित्रावर चुकीचा संस्कार होतो.

जुन्या संगणकाचे काय करावे?

विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तथापि, ते भंगारात काढण्याची घाई करू नये. हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवून त्यावर लिनक्स प्रणाली घातल्यास असा संगणक टंकलेखन व छायाचित्रांची वर्गवारी यांसाठी आणखी काही वर्षे कामी येतो. त्याचा कीबोर्ड, माउस आणि सुस्थितीतील मॉनिटर नव्या संगणकास जोडल्यास तेवढा निधी रॅमकडे वळविता येतो. निरुपयोगी झालेले भाग ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकाराकडेच गेले पाहिजेत.

खरेदी आणि जुळणी

पूर्णेहून नांदेड व परभणी ही शहरे जवळ आहेत. रेल्वेने मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा सिकंदराबादचे चेनॉय ट्रेड सेंटर या संगणकभागांच्या प्रसिद्ध बाजारपेठाही गाठता येतात. एखादा शिक्षक स्वतःसाठी दहा दुकानांतून भाग जमवू शकेल. संस्थेने मात्र तसे करू नये. सार्वजनिक निधीतून होणारी खरेदी प्रचलित खरेदी नियमांनुसार, २०१६ पासून उपलब्ध असलेल्या ‘जेम’ या शासकीय संकेतस्थळावरून अथवा रीतसर दरपत्रके मागवून करावी. मागणीपत्रात “चांगला संगणक” असे मोघम शब्द न लिहिता प्रत्येक भागाचा प्रकार, क्षमता व हमीचा कालावधी नमूद करावा. दरांची तुलना १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून करावी. जुळणी एकाच पुरवठादाराकडून करून घेतल्यास बिघाडाची जबाबदारीही त्या एकावरच राहते.

जुळणीच्या वेळी संस्थेतील एका व्यक्तीने उपस्थित राहणे इष्ट होय. काम सुरू करण्यापूर्वी भूसंपर्कित धातूस हात लावून शरीरातील स्थिर विद्युत काढून टाकावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण मदरबोर्डवरील खुणेशी जुळवून तो अलगद ठेवावा, जोर लावू नये. त्याच्या पाठीवर वाटाण्याएवढा उष्णतावाहक लेप देऊन पंखा बसवावा. रॅमची पट्टी खाच पाहून, दोन्ही टोकांचा आवाज येईपर्यंत दाबावी. मदरबोर्ड व प्रोसेसर यांच्या वीजजोडण्या वेगवेगळ्या असतात. दुसरी विसरली तर पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही.

वीज, ऊन आणि धूळ

मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. चित्रफितीची अंतिम प्रत तयार होताना प्रोसेसर दीर्घकाळ पूर्ण क्षमतेने चालतो. उष्णता वाढली की तो आपला वेग आपणच कमी करतो. यास्तव पुढे जाळी असलेले कॅबिनेट, हवा आत घेणारा व बाहेर टाकणारा असे दोन पंखे, आणि भिंतीपासून वीतभर अंतर असावे. कापूस व सोयाबीनच्या हंगामात जाळीवर धूळ साचते. ती दरमहा स्वच्छ करावी.

एसएमपीएस नामांकित व प्रमाणित असावा. ४५० ते ५५० वॉट क्षमता पुरेशी होते. यूपीएसचे प्रयोजन वीज नसताना काम सुरू ठेवणे हे नसून चालू काम साठवून संगणक व्यवस्थित बंद करणे हे आहे. त्याला त्यासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. जुन्या शाळाखोल्यांतील अर्थिंग तज्ज्ञ विद्युत कर्मचाऱ्याकडून तपासून घ्यावे. त्याअभावी सर्वांत महागडा भागही असुरक्षित राहतो.

प्रणाली आणि एक उपयुक्त युक्ती

छायाचित्रांसाठी ‘गिंप’ व ‘डार्कटेबल’, तर चित्रफितींसाठी ‘केडेनलाइव्ह’ व ‘शॉटकट’ या मुक्त प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. बेकायदा प्रती वापरण्याचे कारणच उरत नाही.

संगणक अपुरा वाटल्यास ‘प्रॉक्सी’ पद्धतीचा अवलंब करावा. यात मूळ चित्रफितीची लहान आकाराची प्रत तयार होते, संकलन त्या प्रतीवर केले जाते आणि अंतिम चित्रफीत मात्र मूळ चित्रणातूनच निघते. प्रती तयार होण्यास वेळ लागतो, तो दुपारच्या सुटीत जातो. या एका पद्धतीने बेताचा संगणकही मोठे काम पार पाडू शकतो.

मूळ प्रतीचे जतन

नुकसानीचे किंवा विकासकामाचे मूळ छायाचित्र कधीही बदलू नये. त्यात दिनांक, वेळ आणि काही वेळा स्थळाची नोंद असते. उजेड वाढविणे किंवा कडा कापणे हे संस्कार नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावेत. समाजमाध्यमातून आलेल्या प्रतीत या नोंदी बहुधा राहत नाहीत. म्हणून चित्र तारेने थेट मोबाइलमधून घ्यावे.

महत्त्वाच्या संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकात, दुसरी वेगळ्या बाह्य डिस्कवर आणि तिसरी निराळ्या इमारतीत. नदीकाठच्या गावाने ही तिसरी प्रत उंचावरील किंवा तालुक्याच्या ठिकाणी ठेवावी. फोल्डरला “नवीन” किंवा “शेवटचे” अशी नावे न देता वर्ष, महिना, गाव व विषय या क्रमाने नावे द्यावीत. पदाधिकारी बदलले तरी नोंद सापडली पाहिजे. मुलांची चित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये मुलांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे.

यंत्र कितीही चांगले असले तरी ते हाताळणारी किमान दोन माणसे तयार व्हावयास हवीत. अन्यथा एकाची बदली झाली की संगणकावर आच्छादन पडते. कामाचे मोजमाप, नेमकी खरेदी आणि जतनाची शिस्त या तीन गोष्टी सांभाळल्या तर लहानशा गावालाही स्वतःची चित्ररूप नोंद ठेवता येईल. एखाद्या शेतकऱ्याला आपल्या बुडालेल्या शेताचे छायाचित्र काही वर्षांनी हवे झाले आणि ते ग्रामपंचायतीत पाच मिनिटांत दिनांकासह मिळाले, तर त्या संगणकावर झालेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.