शीतयंत्राची वाया जाणारी उष्णता

आटगांवच्या एखाद्या दुकानांतील शीतपेटीमागें हात धरल्यास ऊन वारा लागतो. याचें कारण असें कीं, शीतयंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें आंतील उष्णता उचलून बाहेर टाकतें. पुढें लॉर्ड केल्व्हिन झालेले विल्यम टॉमसन यांनीं १८५२ सालींच सुचविलें कीं, याच तत्त्वानें घर ऊबदारही ठेवतां येईल.

दुधाचें उदाहरण घेऊं. धारोष्ण दूध सुमारें ३५ अंशांवरून ४ अंशांवर त्वरित न आणल्यास तें नासतें व गवळ्याचे श्रम मातीमोल होतात. एक हजार किलो दुधांतून त्याकरितां सुमारें २९,००० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. ती एरवीं हवेंत जाते. आणि भांडीं धुण्याचें पाणी मात्र निराळी वीज किंवा लांकूड खर्चून तापवितात! यंत्रांतील दाबलेला तप्त वायु प्रथम पाण्याच्या टाकींतील नळींतून नेला व निम्मीच उष्णता हातीं आली, तरी सुमारें ४८० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापेल. पाणी थंड असेतों यंत्राचा भारही हलका होईल.

तथापि आधीं बिनखर्ची उपाय करावे. यंत्राच्या जाळीवरील धूळ झाडावी, आणि पेटीचें दार घट्ट लागतें कीं नाहीं तें पाहावें. ज्यांच्या घरीं दुकान वा दुधाचा धंदा आहे, त्यांनीं हा हिशेब वडिलांसमवेत अवश्य मांडून पाहावा.