लांडगा आला रे, पण इंग्रजीत!

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही? मेंढरे राखणारा पोरगा गंमत म्हणून ओरडतो. गाव धावून येते. पाहतात तो लांडगा नाही. असे दोनदा होते. तिसऱ्या वेळी लांडगा खरोखर येतो. पण मग कोणीच येत नाही.

हीच गोष्ट आम्ही शाळेतल्या मुलांकडून इंग्रजीत करून घेतली. ते साल २००६. आपल्या राज्यात सन २००० पासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी सुरू झाले. ती पहिली मुले तेव्हा सातवीत होती. त्यांना इंग्रजी वाचता येई, लिहिता येई. पण ‘बोला’ म्हटले की सगळ्यांच्या माना खाली! चुकले तर लोक हसतील, ही भीती. पाण्यात उतरल्यावाचून पोहता येते का? तसेच भाषेचे आहे. म्हणून गॅदरिंगला नाटक करायचे ठरवले.

नाटकातून शिकवणे ही आपली जुनी रीत आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. त्यात एक शेतकरी जोडपे अज्ञानामुळे फसते. शेवटी दोघे नवराबायको शिकायला जायचे ठरवतात.

आता आम्ही काय केले ते सांगतो. गोष्ट मुद्दाम ओळखीची घेतली. म्हणजे शब्द नवा असला तरी अर्थ कळतो. आधी सारे नाटक मराठीत करून पाहिले. मग एकेक वाक्य इंग्रजीत घातले. वाक्ये लहान, चार-पाच शब्दांची. ‘वुल्फ! वुल्फ!’ म्हणजे लांडगा, लांडगा. ‘हेल्प मी!’ म्हणजे मला वाचवा. कोणालाही घरी बसवले नाही. धीट मुलांना मोठी कामे दिली. लाजरी मुले गावकरी झाली. गावकऱ्यांनी सगळ्यांनी मिळून ओरडायचे, ‘देअर इज नो वुल्फ!’ म्हणजे लांडगा नाहीच. दहा जणांच्या आवाजात एकट्याची भीती बुडून जाते.

महिनाभर रोज अर्धा तास तालीम झाली. गमतीही झाल्या. इंग्रजीत मेंढीला ‘शीप’ म्हणतात. ई लांब म्हणायची. एक मुलगा घाईने ‘शिप’ म्हणे. शिप म्हणजे जहाज! पोरगा माळावर जहाजे चारू लागला. सगळे हसले, तोही हसला. पण बोलताना मध्येच कोणाला अडवायचे नाही, चूक मागाहून सांगायची, असा आम्ही नियमच केला. अडवले की पोर गप्प होते.

मेंढपाळाचे काम एका मुलीकडे होते. तिचे पाठांतर कच्चे होते. आम्ही तिच्या वडिलांना म्हणालो, ‘घरी जरा म्हणून घ्या.’ ते म्हणाले, ‘गुरुजी, आमाला कुठं इंग्रजी येतंय?’ आम्हालाही वाटले, खरेच आहे. यांचा काय उपयोग होणार? आम्ही विषय सोडून दिला.

गॅदरिंगची रात्र आली. दोन धोतरे जोडून पडदा केला होता. सारा गाव जमला होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अशी ती मुलगी उभी राहिली. नाटक रंगले. तिसऱ्या वेळी लांडगा आला, आणि ती एकदम अडखळली. पुढचे वाक्य आठवेना. आम्ही पडद्याआड होतो. गडबडीत वहीचे पानही सापडेना. सगळीकडे शांतता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून सावकाश आवाज आला, ‘धिस टाइम इट इज ट्रू.’ म्हणजे, या वेळी खरंच आहे.

ते तिचे वडील होते. हातात एक चुरगळलेला कागद. मुलीने तेच वाक्य मोठ्याने म्हटले आणि नाटक पुढे गेले. कोणी हसले नाही.

मागाहून आम्ही विचारले, ‘अहो, हे तुम्हाला कसं आलं?’ ते म्हणाले, ‘रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकतोय न्हवं? पोरीनं ते आपल्या अक्षरात लिहून दिलं. जेवण झालं की रोज ती म्हणायची, मी कागदावर बघायचो. अर्थ तिनंच सांगितला.’

आम्ही मान खाली घातली. इतकी वर्षे शाळा चालवली. पण अडाणी आईबाप पोराच्या शिक्षणात काय मदत करणार, असेच मानत आलो. ती आमची चूक होती.

एका नाटकाने इंग्रजी येत नाही. त्या मुलांनाही लगेच आले नाही. पण त्यांची जीभ सुटली, भीती गेली. आणि आम्हीही एक धडा शिकलो.

वाचकहो, तुमचे मूल धडा म्हणत असेल, तर ‘मला काय कळतंय’ म्हणून उठू नका. जवळ बसा. ऐका. अर्थ त्यालाच विचारा. दुसऱ्याला सांगताना आपलाही अभ्यास पक्का होतो.

सांगा पाहू :
१. नाटकासाठी ओळखीची गोष्ट का घेतली?
२. लाजऱ्या मुलांना कोणते काम दिले?
३. गुरुजींची चूक कोणती?

करून पाहा : आज रात्री घरातल्या मुलाकडून इंग्रजीचे एक वाक्य ऐका. ते आपल्या अक्षरात वहीत लिहा. त्याचा अर्थ त्याच्याकडूनच समजून घ्या.