टाच वळेपर्यंत दम धर

अगं, पुन्हा मोजा उसवलास म्हणून डोळ्यांत पाणी कशाला? उसवण्यात कमीपणा नसतो. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दिवसभर राबून, रात्री जेवणं उरकल्यावर तू गडद निळी लोकर घेऊन जाळीचा नमुना विणायला बसतेस. गडद लोकरीत टाका दिसतच नाही गं! ती ठेव बाजूला. पहिल्या जोडीला फिकी घे, लिंबू किंवा मोतिया, आणि जाळीचं काम दिवसाउजेडीच कर. रात्री हवं तर नुसती सुलट-उलट पट्टी विण.

आता खरं सांग, तू नमुन्याचा कागद वाचतेस की सुईवरचे टाके? कागदच ना? म्हणून घोटाळा होतो. तुझ्या नमुन्यात धागा पुढे घेतलास की एक टाका वाढतो आणि दोन एकत्र विणलेस की एक कमी होतो. फेरी संपली की 64 चे 64 च हवेत. 65 भरले तर कुठेतरी दोन एकत्र विणायचे राहिले; 63 भरले तर धागा पुढे घ्यायचा राहिला. एवढं कळलं की सगळं उसवावं लागत नाही, चुकलेली जागाच सापडते. शिवाय नमुन्याची एक पट्टी पूर्ण झाली की सुईत शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा ओवून तो सगळ्या टाक्यांतून काढून ठेव. पुढे कितीही बिघडलं तरी त्या दोऱ्यापर्यंतच उसवेल.

टाचेला मात्र सगळ्याच घाबरतात, कारण तिथे सुई पूर्ण न करता मधेच वळायचं असतं. हे वाचून डोक्यात शिरत नाही, हातानेच कळतं. टाचेचे 32 टाके आहेत ना? 17 सुलट विण, दोन एकत्र, एक सुलट, आणि वळ. डाव्या सुईवर 12 टाके तसेच राहतील, राहू देत. आता पहिला टाका न विणता उचल, तीन उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, पुन्हा वळ. वळलीस तिथे बारीकशी फट दिसेल. यापुढे कागद मिटून ठेवलास तरी चालेल. दर सुईला पहिला टाका नुसता उचल, फटीपर्यंत विण, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र कर, एक टाका विण आणि वळ. शेवटी 18 टाके उरतील आणि सपाट पट्टीला हातातल्या हातात खोलगट वाटीचा आकार आलेला असेल. ते बघताना जो आनंद होतो ना, त्यासाठी मी मोजे विणते.

एलिझाबेथ झिमरमन यांचं ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे 1971 चं पुस्तक मिळालं तर जरूर वाच. आपल्या विणकामाचा निर्णय आपणच घ्यायचा, असा धीर त्या बाई देतात.

हो, आणि माप! पावलाचा घेर 22 सेंटीमीटर असेल तर मोजा 20 चाच हवा. ताणून बसला तरच तो पायात राहतो, नाहीतर गोळा होऊन बुटात उतरतो. आणि टाच वळून झाल्यावर तिच्या बाजूचे टाके उचलताना कोपऱ्यात भोक दिसलं तर तिथे एक टाका जास्तीचा उचल आणि पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर विणून टाक.

पहिला मोजा झाला की कौतुक करत बसू नकोस, त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके घाल. हात त्याच ताणात असतो तोवर दोन्ही सारखे होतात. घोट्यापर्यंत किती फेऱ्या आणि टाचेपासून चवड्यापर्यंत किती, हे आत्ताच वहीत टिपून ठेव. आणि रविवारी दुपारी टाचेपाशी पोचलीस की मला व्हिडिओ कॉल लाव, माझ्याही सुयांवर 32 टाके घालून ठेवते.