डोक्यावरचा भोवरा आणि वायफायच्या लहरी

मुलांनो, गेल्या रविवारी वर्गात एकाने विचारले, "घरात सगळीकडे वायफाय आहे, मग त्यावर दिवा का लागत नाही?" आम्ही "पुढच्या अंकात सांगू" म्हणून वेळ मारून नेली. आता सांगणे भाग आहे. पालकांनीही वाचावे.

वायफायची लहर ही सूक्ष्मलहर. ती सेकंदाला सुमारे २.४ अब्ज वेळा पुढेमागे हेलकावते. जितकी पुढे तितकीच मागे, म्हणजे बेरीज शून्य! एलईडी दिव्याला तर एकाच दिशेचा विजेचा दाब लागतो. नेहमीचे डायोड हे काम करतात, पण लहर फार क्षीण असली की त्यांचे फारसे चालत नाही.

२००५ साली जपानमध्ये निराळा उपाय सापडला. त्या शोधनिबंधावर पहिले नाव आहे अश्विन तुळापूरकर यांचे. पुढे ते मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. (आडनाव वाचून आजी-आजोबांना भीमाकाठचे तुळापूर आठवेल.) दोन चुंबकी थर आणि मधे अतिशय पातळ असा तिसरा थर. लहर आली की एका थराचे चुंबकत्व डोलते आणि विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त होतो. वीज पुढे जाताना अडथळा जास्त, मागे येताना कमी. मग बेरीज शून्य होत नाही, थोडा दाब शिल्लक राहतो.

२०२१ साली इथल्या एनयूएसमधील ह्युनसू यांग यांच्या गटाने जपानच्या तोहोकू विद्यापीठाबरोबर असे आठ तुकडे जोडले. पाच सेकंद वीज साठवली, लहर बंद केली, तरी एक छोटा एलईडी मिनिटभर चालू राहिला. २०२४ साली त्यांनी एक तापमापकही चालवला. मोबाईल चार्ज होईल अशी आशा मात्र धरू नका.

आता भोवरा. डोक्याच्या मागे हात लावून बघा. आई कितीही तेल लावून भांग पाडो, तिथला केसांचा भोवरा मोडत नाही. चुंबकाच्या थरातही असा भोवरा असतो. त्यातले अतिसूक्ष्म चुंबक कडेला वर तोंड करून असतात, आत येताना वळत जातात आणि मध्यावर खाली बघतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी स्कर्म यांच्यावरून त्याला स्कर्मिऑन म्हणतात. तोही सहजासहजी पुसला जात नाही. २०१७ साली सिंगापूरच्याच एनटीयू आणि ए-स्टारच्या शास्त्रज्ञांनी इरिडियम, लोखंड, कोबाल्ट व प्लॅटिनमच्या थरांत, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, असे इवलेसे भोवरे घडवले.

लहर पकडायला याचा काय उपयोग? २०१५ साली इटलीतील मेसिना विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले, की वरच्या उपकरणात भोवरा बसवला तर लहरीसरशी तो श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आक्रसतो. त्याबरोबर अडथळा बदलतो आणि लहरीची चाहूल लागते. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला हलका झोकाही पुरतो, तसेच हे.

स्वाध्याय : घरातल्या सर्वांच्या डोक्यावरचे भोवरे मोजा. ते उजवीकडे फिरतात की डावीकडे? पुढच्या रविवारी वहीत लिहून आणा. दोन भोवरे म्हणजे दोन लग्ने असे कोणी म्हणाले, तर ते लिहू नका.