खारा वारा

वैशाख लागला, की आमच्या सोलापूरला सूर्य जणू माणसांची परीक्षा पाहू लागतो. पारा ४० अंशांच्या पुढे जातो, रस्ते ओस पडतात आणि दुपारभर दारे-खिडक्या लावून घरात बसावे लागते. गेल्या वर्षी आम्हां मोठ्या माणसांना तो उन्हाळा कसाबसा सोसला. पण आमच्या बाळूला तो सोसेना. बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ. जेमतेम दीड वर्षाचा. त्याच्या अंगभर घामोळे उठले. रात्र रात्र तो झोपत नसे आणि जेवण तर त्याने सोडल्यासारखेच केले होते. शेवटी बाबा आईला म्हणाले, “चार दिवस रत्नागिरीला जाऊ. समुद्राच्या वाऱ्याने पोराला बरे वाटेल.”

आम्ही रात्रीच्या एस. टी.ने निघालो. सांगली, कोल्हापूर मागे पडले आणि पहाटे गाडी आंबा घाट उतरू लागली. खिडकीतून येणारा वारा आता कोरडा राहिला नव्हता. तो ओलसर होता आणि अंगाला चिकटत होता. दोन्ही बाजूंना आंबा-फणसाची झाडे दिसू लागली. बाळू आईच्या मांडीवर गाढ झोपला होता.

रत्नागिरीत मांडवीजवळ एका आजींच्या घरी आम्ही उतरलो. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली याच गावी झाला. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले व पुढे येथेच आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही टेकडीवर उभा आहे. हे सारे पाहावयाचे होते. पण आम्हांला ओढ लागली होती ती समुद्राची.

न्याहारी आटोपून आम्ही किनाऱ्यावर गेलो. मांडवीची वाळू काळसर आहे. समोर अथांग पाणी पसरले होते आणि उजवीकडे समुद्रात घुसलेल्या डोंगरावर रत्नदुर्ग किल्ला दिसत होता. हळूहळू समुद्राकडून वारा सुटला. “काय गार वारा आहे हा! येथे कसले आले ऊन!” बाबा म्हणाले. बाळू तर हरखून गेला. मुठीत वाळू घ्यावी, ती वाऱ्यावर सोडावी आणि खदखदून हसावे, असा त्याचा खेळ चालला. वेळ कसा गेला, ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. सूर्य डोक्यावर आला होता आणि जवळपास सावलीला एक झाडही नव्हते.

एकाएकी माझ्या लक्षात आले, की बाळूचे हसणे थांबले आहे. तो वाळूवर नुसताच बसून होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. मी त्याला उचलले तेव्हा तो किरकिरला. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही. जीभ कोरडी पडली होती. सकाळपासून त्याची चड्डीही ओली झाली नव्हती. माझ्या काळजात धस्स झाले. “आई, बाळूला काहीतरी होत आहे!” मी ओरडले.

आम्ही धावतच घरी आलो. आजींनी त्याला पाहिले मात्र, त्यांनी त्याचे कपडे काढावयास सांगितले, ओल्या फडक्याने त्याचे अंग पुसले आणि पंख्याने वारा घातला. आईजवळ जलसंजीवनीची पुडी होती. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात ती कालवून आई त्याला चमच्या-चमच्याने पाजू लागली. तोवर बाबा रिक्षा घेऊन आले. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासले आणि ते म्हणाले, “वेळेवर आलात. आणखी उशीर झाला असता, तर धोका होता.”

संध्याकाळी बाळू आईकडे पाहून हसला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. बाबा खाली मान घालून बसले होते. आजी त्यांना म्हणाल्या, “अहो, वारा थंड असतो, ऊन थंड नसते. आम्ही जन्मभर येथे राहतो. पण भर दुपारी पुळणीवर लेकरू नेत नाही.”

डॉक्टरांनीही हेच सांगितले होते. घाम वाळतो, तेव्हा तो अंगातील उष्णता घेऊन जातो. कोकणच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही. पण अंग तापतच असते. लहान मुलाचे अंग लवकर तापते आणि तहान लागली, हे त्याला सांगता येत नाही.

मग समुद्रकाठी उन्हाळा सौम्य का असतो? एक किलो वाळू तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे पाचपट उष्णता तेवढेच पाणी तितके तापविण्यास लागते. म्हणून दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील गार हवा धावून येते. हाच खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट समुद्राकडे वाहू लागतो. त्याला मतलई वारा म्हणतात. पूर्वी शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर किनाऱ्याला परतत. ज्यांचे पोट समुद्रावर, त्यांनी त्याची वेळ ओळखली होती.

पुढचे दिवस आम्हीही ती वेळ पाळली. सकाळी कोवळ्या उन्हात आणि सायंकाळी उन्हे कलल्यावर आम्ही किनाऱ्यावर जात असू. दुपारी आजींच्या ओटीवर सावलीत बसत असू. दर थोड्या वेळाने बाळूला पाणी पाजण्याचे काम मी आपणहून पत्करले. शेवटच्या दिवशी बाबांचे बोट धरून तो पाण्याच्या कडेला उभा राहिला. एक लहानशी लाट आली आणि त्याच्या पावलांना शिवून गेली. तो दचकला, त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो मोठ्याने हसला.

आम्ही सोलापूरला परतलो, तेव्हा ऊन तसेच होते. परंतु आता बाळूने काही मागितले नाही, तरी त्याच्या ओठांकडे माझे लक्ष असते. ज्याला बोलता येत नाही, त्याची तहान दुसऱ्यानेच ओळखावी लागते.

शब्दार्थ : पदच्युत – अधिकारावरून काढलेला, पुळण – समुद्रकाठची वाळू, निवणे – थंड होणे, पत्करणे – स्वीकारणे.

अभ्यास
१. बाळूची प्रकृती बिघडली आहे, हे बहिणीने कोणकोणत्या खुणांवरून ओळखले?
२. “वारा थंड असतो, ऊन थंड नसते.” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. खारा वारा आणि मतलई वारा यांतील फरक सांगा.
४. वाक्यांत उपयोग करा : काळजात धस्स होणे, जिवात जीव येणे, हरखून जाणे.
५. तुमच्या गावी उन्हाळ्यात लहान मुलांची काळजी कशी घेतात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.