प्राध्यापकाचं कोण ऐकतं?

प्रश्न : मला राज्यघटना शिकवायची आहे. घरचे म्हणतात, वकिली कर, न्यायाधीश हो. प्राध्यापकाचं म्हणणं न्यायालयापर्यंत खरंच पोहोचतं का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : पोहोचतं, पण वेळ लागतो. डिट्रिख कॉनराड हे हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत कायदा शिकवत. फेब्रुवारी १९६५मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी घटनादुरुस्तीच्या अध्याहृत मर्यादांवर व्याख्यान दिलं आणि काही प्रश्न विचारले. दोन तृतीयांश बहुमत आहे म्हणून जगण्याचा हक्क देणारं कलम २१ काढून टाकता येईल? बहुमत घटू लागलेला सत्ताधारी पक्ष दुरुस्तीचा अधिकारच पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींकडे सोपवू शकेल? मोगल बादशाही परत आणता येईल?

प्रश्न टोकाचे वाटतात. पण कॉनराड यांच्याच देशात मार्च १९३३मध्ये संसदेने दोन तृतीयांश मतांनी कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या सरकारला देऊन टाकला होता. म्हणून १९४९च्या जर्मन घटनेत मानवी प्रतिष्ठेसारखी तत्त्वं दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर ठेवली गेली. आपल्या घटनेत तसं कलम नाही. मग ती मर्यादा न लिहिताही तिच्यात आहे का?

ती आहे, हा कॉनराड यांचा युक्तिवाद ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी सर्वोच्च न्यायालयात गोलकनाथ खटल्यात (१९६७) मांडला. त्यात बळ आहे, असं सरन्यायाधीश सुब्बा राव म्हणाले, पण त्यावर निर्णय देण्याची गरज त्यांना भासली नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सात जणांनी घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेनेही धक्का लावू नये, असं ठरवलं. त्या सातांपैकी न्या. खन्ना यांच्या निकालपत्रात कॉनराड यांच्या लेखनाचा आधार आहे.

सगळं श्रेय मात्र त्यांना देऊ नका. त्या व्याख्यानाच्या आधीच, ऑक्टोबर १९६४मध्ये, सज्जन सिंग खटल्यात आपले न्या. मुधोळकर यांनी घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांविषयी हीच शंका नोंदवली होती.

एक खंत सांगते. कलम १२४नुसार नामवंत विधिज्ञाला सर्वोच्च न्यायालयावर नेमता येतं, पण त्या तरतुदीखाली आजवर एकही नेमणूक झालेली नाही. ते चुकीचंच आहे. तरी घरच्यांना न्या. खन्नांच्या निकालपत्रातलं कॉनराड यांचं पान उघडून दाखवा.